माश्यांना खोटं सांगायचं नाही

मी एक जुनी मधपेटी आहे, मित्रांनो. माझ्या पोटात आता एकही माशी नाही, तरी कान लावलात तर गुणगुण ऐकू येईल. लोक म्हणतात, फटीतून वारा जात असेल. वारा कसला डोंबलाचा! मला स्वस्थ बसवत नाही, एवढंच. एक गोष्ट पोटात अडकली आहे आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

दक्षिण ऑस्ट्रियातल्या कॅरिन्थिया प्रांतात, एका डोंगरी गावात माझा जन्म झाला. ओस्वाल्ड नावाच्या मधपाळाने मला लार्च झाडाच्या लाकडाच्या फळ्या जोडून घडवलं आणि शेजारच्या ब्लाझने माझी दर्शनी फळी रंगवली. आमच्याकडे प्रत्येक पेटीवर चित्र असतं. माश्यांना त्यावरून घर सापडतं आणि शेजाऱ्यांना हसायला कारण मिळतं. माझ्यावर ब्लाझने एक अस्वल काढलं. डोक्यावर ओस्वाल्डची टोपी आणि पंजा मधात.

"अरे, हे तर मीच की!" ओस्वाल्ड म्हणाला.

"छे, तू कुठला! हे अंघोळ केलेलं आहे," ब्लाझ म्हणाला.

ओस्वाल्डच्या घरात जर्मन बोलत आणि ब्लाझच्या घरात स्लोव्हेन. भांडण झालं की मात्र दोघं एकमेकांच्या भाषेत शिव्या द्यायचे, म्हणजे शिवी नीट पोचायची. संध्याकाळी पुन्हा एकाच बाकावर सफरचंदाची दारू पीत बसायचे. काय दिवस होते ते!

आमच्या भागात एक रीत आहे, ती नीट ऐकून ठेवा. मधपेट्यांचा मालक वारला, की घरच्या माणसाने पेटीपाशी यायचं, टोपी काढायची, तीनदा ठोठावायचं आणि सांगायचं, "माश्यांनो, तुमचा मालक गेला." मग पेटीला काळी फीत बांधायची. सांगितलं नाही, तर माश्या रुसतात आणि निघून जातात. आणि पेटीला खोटं तर कधीच सांगायचं नाही. जिवंत माणसाला मेला म्हटलं, तर तो वर्षाच्या आत खरंच मरतो. शहरातले हसतात. हसू देत. आमच्या गावात पाद्रीबुवासुद्धा या बाबतीत गप्प बसत.

ओस्वाल्डला दोन मुलं होती, एमेरिच आणि वाल्बुर्गा. एमेरिच पोरवयातही मोठा टापटिपीचा. बुटाला चिखल लागला तर जेवायचा नाही. शरद ऋतूत कामकरी माश्या ऐतखाऊ नरांना ओढून पेटीबाहेर टाकतात, ते तो तासन्‌तास माझ्यासमोर उकिडवा बसून पाहायचा.

"बघा बाबा, जे कामाचे नाहीत ते बाहेर! किती छान शिस्त आहे," तो एकदा म्हणाला.

ओस्वाल्डने त्याच्या टाळक्यात हलकेच टपली मारली. "माश्यांकडून मध घ्यावा रे, अक्कल नाही."

मला तेव्हा ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं. आता नाही वाटत.

एमेरिच मोठा झाला, शहरात गेला, कामाशिवाय भटकला आणि एक दिवस काळा गणवेश घालून घरी आला. बूट असे चकचकीत, की त्यात माझं अस्वल दिसत होतं.

"कुठल्या खात्यात आहेस?" ओस्वाल्डने विचारलं.

"छावणीत. देशाच्या शत्रूंना सरळ करतो."

"शत्रू म्हणजे कोण रे?"

"ते वरून ठरतं."

पुढे प्रत्येक रजेला त्याच्या कॉलरवर नवीन पट्टी दिसू लागली आणि त्याचं बोलणं कमी होत गेलं. आधी तो फाटकावरचा पहारेकरी होता. मग कैद्यांची हजेरी घ्यायला लागला, मग उपप्रमुख झाला. युद्ध ऐन भरात असताना तो मोटारीतून आला तो अख्ख्या छावणीचा कमांडंट होऊनच, आणि त्याने बापाकडे मला मागितलं. नव्या बंगल्याच्या बागेत घरची एक पेटी हवी होती त्याला.

ओस्वाल्डच्या मनात नव्हतं. पण पोटच्या पोराला नाही कसं म्हणणार? "न्यायची तर रीतीने ने," तो म्हणाला. एमेरिचने टोपी काढून माझ्यावर तीनदा ठोठावलं. "माश्यांनो, आजपासून मी तुमचा मालक." अशी मी त्याची झाले, मित्रांनो. पेटीला कुणी विचारत नाही.

बंगला देखणा होता. खिडक्यांत लाल फुलं, झोपाळा, त्याची बायको, गुबगुबीत मुलं. बागेच्या टोकाला उंच भिंत आणि भिंतीपलीकडे छावणी. माझ्या माश्या उंच उडायच्या, भिंत ओलांडायच्या आणि तशाच मोकळ्या परत यायच्या. तिकडे फूल नव्हतं, गवताचं पातंसुद्धा नव्हतं. कैदी ते खाऊन टाकत. आणि तिकडून धूर यायचा. मधमाश्यांना धुराची सवय असते, पण त्या धुराची सवय त्यांना कधी झाली नाही. वारा या बाजूला फिरला, की सगळं मोहोळ आतल्या आत सैरावैरा व्हायचं. तिथे आल्यापासून जी माझी झोप उडाली, ती आजतागायत आलेली नाही.

त्याच हिवाळ्यात घरी ओस्वाल्ड वारला. एमेरिच बागेत आला, टोपी काढली, ठोठावलं आणि म्हणाला, "माश्यांनो, तुमचं घर घडवणारा गेला." त्याचे डोळे भरून आले होते. खोटं कशाला सांगू, खरोखर भरले होते. भिंतीपलीकडे रोज माणसं मरत होती आणि त्यांच्यासाठी कुणी कुठे ठोठावत नव्हतं. मला त्याच्या त्या अश्रूंची जेवढी चीड आली, तेवढी दुसऱ्या कशाची आली नाही.

वसंतात माश्यांची देखभाल करायला माणूस हवा होता. हजेरीच्या वेळी विचारणा झाली, मधमाश्यांतलं कुणाला कळतं? एक कैदी पुढे आला. बागेत आणला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. हाडांवर पट्ट्यापट्ट्यांचे कपडे टांगलेले. त्याने मला पाहिलं, अस्वलाच्या टोपीवरून बोट फिरवलं आणि पुटपुटला, "तू इथं काय करतोस रे?"

तो ब्लाझ होता! गावातल्या स्लोव्हेन बोलणाऱ्या घरांना सैनिकांनी एका सकाळी बाहेर काढलं होतं. स्टेशनवर त्याची आणि त्याच्या बायकोची, नेझाची, ताटातूट झाली होती.

पायऱ्यांवरून एमेरिच उतरला.

"एमेरिच! अरे बाळा, मी..."

"कमांडंटसाहेब म्हणायचं."

ब्लाझने डोक्यावरची टोपी काढली. "साहेब. नेझा कुठे आहे, एवढंच सांगा."

"इथे प्रश्न मी विचारतो. माश्या मेल्या तर तूही मेलास, एवढं लक्षात ठेव."

एकेकाळी याच ब्लाझकाकाच्या खांद्यावर बसून तो चेरी तोडायचा. पण ब्लाझने काही उगाळलं नाही. तो माझ्या चौकटी साफ करायचा, बोटाला लागलेला मध चोरून चाटायचा आणि अस्वलाशी स्लोव्हेनमध्ये गप्पा मारायचा. "आपण दोघं घरी जायचं बरं का. नेझा वाट बघत असेल." मी पैजेने सांगते, त्या बागेत एवढं एकच खरं बोलणं व्हायचं.

मग जून आला. त्या दिवशी बर्लिनहून पाहुणे आले होते आणि बागेत न्याहारी मांडली होती. पाव, लोणी, माझा मध. आणि नेमकं तेव्हाच माझ्यातलं निम्मं मोहोळ जुन्या राणीबरोबर उठलं. माश्या वाढल्या, की त्या अशाच नव्या घराच्या शोधात निघतात. माश्यांचा ढगच भिंतीवरून गेला आणि छावणीच्या तारेच्या कुंपणावर, एका खांबाला लटकला. बागेचं लोखंडी फाटक उघडं होतं, टेबलावरून सगळं दिसत होतं.

एक जाडा पाहुणा खो खो हसला. "कमांडंटसाहेब, तुमचे कैदी पळाले की हो!"

सगळे हसले. एमेरिच म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस! त्याचे कान लाल झाले. "जा, घेऊन ये," तो ब्लाझला म्हणाला.

"साहेब, तारेजवळ गेलं की गोळी घालतात. तेवढं मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला सांगा."

"सांगतो. तू नीघ."

ब्लाझ गवती टोपली घेऊन निघाला. मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याने बंदूक उचलली आणि एमेरिचकडे पाहिलं. एमेरिचच्या हातात मध लावलेला पाव होता. हात नुसता वर करायचा होता, मित्रांनो. एवढंच. पाव खाली ठेवायचीसुद्धा गरज नव्हती.

त्याने हात वर केला नाही.

आवाज झाला. टोपली गडगडत गेली. "काय करणार, नियम म्हणजे नियम," एमेरिच पाहुण्यांना म्हणाला आणि उरलेला पाव त्याने संपवला. खांबावरच्या माश्या उठून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. उरलेल्या निम्म्या माझ्या पोटात घुमत राहिल्या. मला ओरडायचं होतं. पण तोंड म्हणाल तर माश्यांपुरतं, बोटभर फटीचं.

युद्ध हरल्यावर बंगल्यातलं सामान आणि मी गावी आलो. एमेरिच गायब झाला. वाल्बुर्गाने सांगितलं, भाऊ रशियाच्या आघाडीवर पडला. चर्चमध्ये प्रार्थना झाली, घंटा वाजली, तिने काळे कपडे घातले, गावाने जेवणही झोडलं. ब्रिटिश सैनिक चौकशीला आले, त्यांनाही तिने तेच सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली.

आणि मग नेझा परत आली. दुसऱ्या कुठल्या तरी छावणीतून, केस पांढरे होऊन. तिला एकच गोष्ट हवी होती, आपल्या माणसाचं काय झालं ते. दारोदार तेच विचारत ती फिरली, त्याला एमेरिचच्या छावणीत नेलं एवढंच तिला कळलं, आणि शेवटी ती वाल्बुर्गाकडे आली. मधपेट्यांच्या पडवीतच दोघी उभ्या राहिल्या.

"मला काय माहीत, नेझाकाकू? ज्याला माहीत होतं तो गेला बिचारा," वाल्बुर्गा म्हणाली.

नेझा जायला वळली. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. अस्वलाकडे बघून तिचे ओठ हलले, आणि मग ती एकदम ताठ झाली.

"वाल्बुर्गा, ही एमेरिचची पेटी ना?"

"हो."

"मग काळी फीत कुठाय?"

"राहिली बांधायची. कामाच्या धबडग्यात..."

"राहिली? बाप गेला तेव्हा कावळा ओरडायच्या आत बांधली होतीस म्हणे. बरं, राहिली तर राहिली. आता सांग. मी आहे सोबतीला. ठोठाव आणि म्हण, तुमचा मालक गेला."

वाल्बुर्गाचा हात वर आला. एकदा ठोठावलं. दुसऱ्यांदा ठोठावलं. तिसऱ्यांदा हात हवेतच राहिला. पाद्र्याला सांगताना तिची जीभ अडखळली नव्हती, सैनिकांना सांगताना नाही. पण माझ्यासमोर तिला तो एक शब्द म्हणवेना. शब्द तोंडातून गेला, तर भाऊ वर्षाच्या आत जाणार होता.

"जिवंत आहे तर," नेझा हळूच म्हणाली.

वाल्बुर्गा तोंडात एप्रनचं टोक कोंबून रडायला लागली.

नेझाने सैनिकांना सांगितलं आणि एमेरिच वरच्या कुरणावरच्या झोपडीत सापडला. दाढी वाढवून, दुसऱ्याच्या नावाने गुरं राखत होता. बूट मात्र चकचकीत. सैनिकांनी त्याला बेड्या घालून आमच्या पडवीवरूनच खाली आणला. नेझा माझ्याशेजारी उभी होती.

"माझा माणूस कुठाय, एमेरिच?"

"काकू, मी त्याला बागेत ठेवलं होतं. सगळ्यात हलकं काम दिलं होतं."

"मग कुठाय तो?"

त्याने नजर चुकवली, ती नेमकी माझ्यावर पडली. "माश्या उठल्या होत्या," तो म्हणाला. "कुणीतरी तारेपाशी जायलाच हवं होतं. तिथले नियम होते, काकू. मी बंदुकीला हातही लावला नाही."

नेझाने डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणाली, "ठोठाव."

"काय?"

"पेटी तुझी. इथे खोटं चालत नाही, हे तुला तुझ्या बापानं शिकवलंय. ठोठाव आणि माश्यांना सांग, ब्लाझला कुणी मारलं."

बेड्यांतला हात वरसुद्धा आला नाही. तो मागे सरकला तो मागच्या सैनिकाच्या अंगावरच आदळला. हजारोंना मरणाकडे धाडणारा तो माणूस लहान मुलासारखा कळवळून म्हणाला, "काकू, पाया पडतो, पेटीसमोर नको!"

नेझाने डोक्यावरचा काळा रुमाल काढला. तीनदा ठोठावलं. "माश्यांनो," ती स्लोव्हेनमध्ये म्हणाली, "तुमची देखभाल करणारा ब्लाझ गेला. एमेरिचने त्याला मारलं." आणि तोच रुमाल तिने माझ्याभोवती बांधला. माझ्या पोटातल्या माश्या क्षणभर गप्प झाल्या. तेवढा एकच क्षण मी शांत झाले होते.

त्याला पुढे फाशी झाली. वाल्बुर्गाने येऊन रीतीप्रमाणे सांगितलं, या वेळी तिसऱ्यांदाही ठोठावलं. नेझा जगली तोवर दर जूनमध्ये येऊन ब्लाझचं नाव घेत असे. आता तीही नाही. मी गावच्या छोट्या संग्रहालयात असते. माझा रंग उडालाय, एका कोपऱ्याला कीड लागलीय. येणारे जाणारे माझ्यासमोर थबकतात आणि म्हणतात, "बघा, एवढा क्रूर माणूस, पण माश्यांवर केवढा जीव!" तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्याचा जीव माश्यांवर नव्हता हो, मधावर होता. माश्यांवर जीव असलेला माणूस तारेपाशी पडला.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. मला रंग लावू नका, लावलात तर अस्वल तेवढं सांभाळा. इकडे आलात तर माझ्यावर खुशाल ठोठावा. मात्र मालकाचं नाव घेऊ नका. तीनदा ठोठावा आणि म्हणा, "ब्लाझ गेला. त्याला मारलं." नंतर कान लावून पाहा, माझी गुणगुण थोडा वेळ थांबलेली असेल.