बिडीचा इंगळ

“डॉक्टर, कोयता लागल्यावर तंबाखू दाबली की रक्त थांबतं. मग बिडीच्या धुरानं आतलं रक्तबी थांबतं का?”

मैत्रिणींनी पैजेवर घातलेला हा प्रश्न कालिंदानं सहकारी कारखान्याच्या चारा छावणीत भर आरोग्य शिबिरात विचारला. पोरी खिदळल्या. दुष्काळात बैलांसोबत इथंच मुक्काम ठोकलेले तिचे वडील मुंजाजी छाती चोळत खाली बघू लागले.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. “धुरातले फ्री रॅडिकल्स, म्हणजे चिडखोर कण, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना भडकवतात. जखम नसतानाच त्या एकमेकींना चिकटतात, गुठळी होते आणि हृदयाची रक्तवाहिनी तुंबू शकते.”

सांजेला आई छावणीतल्या चुलीपाशी भाकरी थापत होती. मुंजाजींनी रोजच्यासारखी लेकीला हाक दिली, “बाय, बिडीला चुलीतला इंगळ आण गं.”

कालिंदा रिकाम्या हातानं त्यांच्याजवळ येऊन बसली.

“आई, अण्णा, ऐका. आजपासून बिडीला इंगळ मी देणार न्हाई. अण्णा, तुमी मला लई वर्षं पायजेत.”