नागम्मांची धाप आणि माझी सवत

मित्रांनो, मी एक जुनं वाफेचं मशीन आहे. दवाखान्यात मला नेब्युलायझर म्हणतात. लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या दुष्काळात मी उदगीरच्या नागम्मांच्या घरी आले.

नागम्मांची उमर खानावळीच्या चुलीपुढे गेली. धुराने त्यांची फुप्फुसं कायमची खराब झाली होती. धाप लागली की सून रुद्राणी माझ्यात औषध घाली. मी घुरघुरत वाफ सोडी आणि नागम्मांचे खांदे सैल पडत. "लई गुणाचं मशीन हाय," म्हणत त्या मला पदराने पुसत. मी फुलून जाई.

मग करोना आला. नागम्मांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात ऑक्सिजन, इंजेक्शनं घेऊन त्या घरी परतल्या, तेव्हा रुद्राणीच्या पिशवीत तोंडाने औषध ओढायचा एक पंप आणि त्याला जोडायची प्लास्टिकची जाड नळी होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मशीनच्या वाफेने आजार घरात पसरू शकतो. सध्या पंप या नळीतूनच ओढायचा."

मला कपाटावर चढवलं. खाली रुद्राणी त्या नळीला कोमट पाण्याने धुई, जपून वाळवी. ना मोटार, ना आवाज, आणि एवढे लाड! माझा जळफळाट होई.

एका दुपारी नागम्मांना जोराची धाप लागली. त्यांनी नळी भिरकावली.

"ह्या डबड्यानं काय होतंय? माझं मशीन दे!"

रुद्राणीने मला खाली काढलं. मी आनंदले. इतक्यात आतल्या खोलीत तिची तान्ही लेक रडली. रुद्राणीचा हात बटणावरच थांबला.

"न्हाई, आत्याबाई. तुम्ही घाईघाईनं ओढायलात. मी धरते. हळू घ्या... थांबा... आता सोडा."

त्या नळीला जमू नये, असं मला वाटत होतं. पण नागम्मांचे ओठ काळेनिळे पडलेले दिसले आणि माझी ईर्षाच घाबरली. थोड्या वेळाने त्यांचे खांदे सैल पडले. माझ्याशिवाय!

आज नागम्मा ओट्यावर बसून उदगीर जिल्हा कधी होणार, यावर शेजारणीशी कडाकडा भांडतात. नळी त्यांच्या मांडीवर असते. मी अजून जळते, मित्रांनो. पण भांडायला दम लागतो, आणि तो त्यांना माझ्या या सवतीने दिला.

म्हणून सांगते, आजारी माणसाला डॉक्टर सांगतील तेच द्या, आणि ते स्वच्छ ठेवा. आम्ही मशीनं रुसलो तर रुसू द्या.