बिनदवेचा चौकोन

हाजराच्या घरापुढे अर्धा एकर हरळी होती, आणि ती मुद्दाम लावलेली होती. सुकापुरात ही गोष्ट कुणाच्याच पचनी पडली नव्हती. शेजारचा दयाराम बांधावर उभा राहून म्हणायचा, “आमच्या बापजाद्यांचा जल्म हरळी उपटण्यात गेला, आन् ह्यो अब्दुल्ला खत घालून वाढवतोय.” त्याचं काही चुकत नव्हतं. भाताच्या शेतात हरळी शिरली की माणूस दिवसचे दिवस कंबर वाकवून तिची मुळं उकरायचा.

पण हाजराचा नवरा अब्दुल्ला कुवेतहून आला तो डोक्यात हिरवळ घेऊनच आला. एका शेठच्या बंगल्यावर तो अकरा वर्षं माळी होता. नव्वदच्या ऑगस्टात तिकडे लढाई पेटली आणि हजारो लोकांबरोबर तोही एका पिशवीनिशी घरी परतला. आखातातून आलेली माणसं दुकान टाकतात, रिक्षा घेतात. हा महिनाभर पडीक जमिनीकडे बघत बसला, मग तिथली ढेकळं फोडून, माती चाळून त्यानं बारीक पात्याची हरळी लावली. नवीन पनवेलच्या सोसायट्यांना, खोपोली रस्त्यावरच्या बंगल्यांना लॉन हवं असायचं. अब्दुल्ला फूटभर लांबी-रुंदीचे तुकडे मुळांसकट कापून द्यायचा. घर चालत होतं.

हाजरानं मात्र त्या हिरवळीवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिच्या दोन शेळ्या या गवतापायी दयारामच्या गोठ्यात गेल्या होत्या. आणि मनाच्या तळाशी आणखीही काही होतं. अकरा वर्षं ती ज्या माणसाची वाट पाहत राहिली, तो आला आणि सकाळ-संध्याकाळ गवताशीच बोलत बसला. दोन मुलींची लग्नं होऊन गेली होती. घरात दोघंच, आणि दोघांत बोलणं म्हणाल तर मीठ-मिरचीपुरतं. विहिरीवर जायचं तर ती बांधाबांधानं, वळसा घालून जायची.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात हिरवळ जागोजाग पिवळी पडली. अब्दुल्लानं पाणी वाढवलं, मग कमी केलं. साळुंक्यांचे थवेच्या थवे उतरून चोचींनी माती उकरू लागले. एका सकाळी त्यानं मूठभर गवत धरून ओढलं, तर जमिनीवरून चटई उचलावी तशी हातभर हिरवळ त्याच्या हातात आली. खाली मूळ म्हणून उरलं नव्हतं. ओल्या मातीत पांढऱ्या, जाडजूड अळ्या अंगाची कोयरी करून पडल्या होत्या. हुमणी. त्या साली निम्मी हिरवळ गेली. जेवताना ताटातला भात तसाच ठेवून अब्दुल्ला उठायचा, तेवढंच हाजराला दिसायचं.

पुढच्या एप्रिलमध्ये मिताली चुरी नावाची बाई स्कूटरवरून आली. तिशीची, उन्हानं रापलेली, डोक्याला पंचा गुंडाळलेली. तळोज्याच्या एका कीडनाशक औषधांच्या कारखान्यात ती कीटकांचं काम बघायची. कारखान्याच्या फाटकापुढचं लॉन अब्दुल्लाकडूनच गेलं होतं, त्यावरून तिला पत्ता मिळाला होता. ओसरीवर बसून तिनं समजावलं, की गवत पिवळं दिसायला लागलं की उशीर झालेला असतो. तोवर अळी मोठी होते, खोल जाते, मग कुठलंच औषध तिला पोचत नाही. औषध घालायचं ते अळी नसताना. अंडी फुटायच्या सुमाराला ते मुळांपाशी हजर पाहिजे.

“म्हणजे दुखणं आलेलंच नाही, तेव्हा दवा?” हाजरानं दाराआडून विचारलं.

“हो, भाभी. तेव्हाच.”

मितालीला अशी तीन औषधं तपासायची होती. दोरी बांधून तिनं हिरवळीचे सोळा चौकोन पाडले. प्रत्येक औषध चार-चार चौकोनांना, आणि उरलेल्या चार चौकोनांना काहीच नाही, नुसती वाळू. इथे अब्दुल्ला अडला. दवा आहे तर चार चौकोन उपाशी का ठेवायचे, असं त्याचं म्हणणं. मितालीनं शांतपणे सांगितलं, की ते चार नसतील तर बाकीचे बारा औषधानं वाचले की यंदा हुमणी आलीच नव्हती, हे कधीच कळणार नाही.

कुठल्या चौकोनाला काय, हे चिठ्ठ्यांवर ठरणार होतं. चिठ्ठ्या काढणारा हात आपलाही नको आणि अब्दुल्लाचाही नको, असं मिताली म्हणाली. म्हणून हाजराला बोलावलं. चहाच्या पातेल्यातून तिनं एकेक घडी उचलली. विहिरीजवळच्या कोपऱ्यातला चौकोन आला तेव्हा तिच्या हाताला कोरी चिठ्ठी लागली, म्हणजे नुसती वाळू. दुपारच्या नमाजानंतर अब्दुल्ला रोज तिथेच बसायचा. ते गवत सगळ्यांत दाट होतं. तो फक्त त्या कोपऱ्याकडे बघत राहिला. हाजराला वाटलं, चिठ्ठी परत पातेल्यात टाकावी. पण मितालीनं वहीत लिहूनसुद्धा टाकलं होतं.

मग प्रश्न आला तो दिवसांचा. हुमणीची अंडी घालणारे भुंगेरे जमिनीतून निघतात कधी, हे मितालीनं अब्दुल्लाला विचारलं. तो गोंधळला. अकरा जून तो इथे नव्हता, आणि नंतरचे तिन्ही जून त्याचं लक्ष गवतात होतं. उत्तर हाजरानं दिलं. वळवाच्या मोठ्या सरीनंतर दुसऱ्या संध्याकाळी, मगरिबची अजान संपून दिवा लावला की ते निघतात. आधी बोरीवर जातात, मग निंबावर. पहाटे परत मातीत.

मितालीनं लिहिता लिहिता मान वर केली. “इतकं बारकाईनं कुणी बघत नाही, भाभी.”

“संध्याकाळी दुसरं काय होतं बघायला?” हाजरा म्हणाली.

अब्दुल्लानं तेव्हा बायकोकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी त्यानं असं थांबून पाहिलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळीव पडला. दुसऱ्या संध्याकाळी मिताली आली, आणि तिघंही ओसरीवर बसली. नवीन पनवेलच्या इमारतींत एकेक खिडकी उजळत होती. वारा पडला होता, मातीतून ऊब वर येत होती. उजेड सरता सरता हिरवळ हलली. वारा नसताना पाती थरथरली, आणि जमिनीनं श्वास सोडावा तसे तपकिरी भुंगेरे जागोजागी वर निघाले. क्षणभर ते गवताच्या टोकांवर बसायचे, पंख उघडायचे, आणि जड, गुंगवणाऱ्या आवाजात बोरीकडे जायचे. शेकडो होते. बोरीचं झाड त्या आवाजानं भरून गेलं, तिची पानं चावली जाण्याची बारीक करकर ओसरीपर्यंत ऐकू येत होती. हाजरा ही संध्याकाळ किती तरी वर्षं एकटीनं बघत आली होती. आज शेजारी माणसं होती, त्यामुळे ती तिला पहिल्यांदाच पाहिल्यासारखी वाटली. हेच ते वैरी, हे माहीत असूनही तिला त्यांचा राग येईना.

त्या संध्याकाळपासून दिवस मोजून मितालीनं हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं, आणि बारा चौकोनांत दाणेदार औषधं टाकून वरून पाणी दिलं. चार चौकोनांत वाळू पडली. दयारामला शेळ्या लांब ठेवायला सांगितलं. मिताली निघताना म्हणाली, की आता सप्टेंबरपर्यंत कुणी काही करायचं नाही, हेच सगळ्यांत अवघड काम आहे.

आठवड्याभरातच हाजराला ते कळलं. एका दुपारी ती विहिरीवर गेली तर अब्दुल्ला त्याच्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. शेजारच्या चौकोनातली दाणे मिसळलेली माती त्यानं खुरप्यानं खरवडून पत्र्याच्या डब्यात घेतली होती, आणि डबा कोऱ्या चौकोनावर तिरपा धरला होता. हाजरा बांधावर थांबली. मग चप्पल काढून, आयुष्यात पहिल्यांदा, ती हिरवळीवरून चालत त्याच्याजवळ गेली. गवत थंड होतं. तळव्याखाली ते दबून पुन्हा वर येत होतं.

“ही चिठ्ठी माझ्या हातची आहे,” ती म्हणाली. “राहू दे.”

“मरेल हे.”

“मरेल. पण आता तुम्ही दवा टाकलीत, तर ते जगलं तरी का जगलं, हे कळणार नाही.”

तो डबा सरळ करून बसला. मग म्हणाला, “आपलं तरी कुठे कळतं, हाजरा? मी गेलोच नसतो, इथेच राहिलो असतो, तर काय झालं असतं? ते बघायला दुसरा चौकोन कुठे आहे?”

तिनं त्याच्या हातातला डबा घेतला, माती होती तिथे परत पसरली आणि विहिरीवर दोन्ही हात घासून घासून धुतले. त्यालाही धुवायला लावले. मितालीला तिनं दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं. मिताली रागावली नाही. त्या खरवडलेल्या चौकोनापुढे तिनं वहीत खूण केली, आणि हिशेबात तो वेगळा धरायचा असं ठरवलं.

पुढचे तीन महिने हाजराला झोपेत गेल्यासारखे आठवतात. पाऊस लागून राहिला होता, सोळाही चौकोन सारखेच हिरवे होते, आणि खाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. दुपारी अब्दुल्ला कोपऱ्यात कुशीवर पडायचा, कान जमिनीला लावून. काही ऐकू येतं का, असं तिनं विचारलं तर म्हणायचा, येतं. एकदा तीही पडली त्याच्या शेजारी. तिला आपल्याच रक्ताचा आवाज आला, आणि त्यापलीकडे कुठे तरी पाणी वाहत असल्यासारखा. पडल्या पडल्या तिला झोप लागली. जाग आली तेव्हा तिच्या अंगावर त्याचा पंचा होता आणि तो छत्री धरून बसला होता.

सप्टेंबरच्या मध्यावर मिताली फावडं आणि चाळण घेऊन आली. प्रत्येक चौकोनातून फूटभर तुकडा कापायचा, माती हातानं चाळायची आणि अळ्या मोजायच्या. तांदूळ निवडून निवडून हाजराची नजर तयार झालेली. नखाएवढी अळीसुद्धा तिच्या बोटांतून सुटेना. तिघं गुडघ्यांवर बसून मोजत होती, मिताली आकडे लिहीत होती. पहिल्या औषधाच्या तुकड्यांत पाच-सहा अळ्या निघाल्या, दुसऱ्याच्या त्याहून कमी. तिसऱ्याच्या चारांपैकी तीन तुकड्यांत एकही नाही, चौथ्यात एकच, तीही मरतुकडी.

कोऱ्या चौकोनांना फावडं लागलंच नाही. अब्दुल्लानं कोपऱ्यातलं गवत दोन्ही हातांनी उचललं आणि ते सहज आलं. हाजरानं चौदा अळ्या मोजल्या.

अब्दुल्ला त्या उघड्या मातीकडे बघत होता. मग, कुणी विचारलेलं नसताना, तो सांगू लागला. कुवेतच्या बंगल्यामागे अशीच एक हिरवळ होती, चारी बाजूंनी वाळू आणि मधे ती. शेठचं कुटुंब मोटारीतून निघून गेलं. दोन दिवस तो एकटाच होता. तिसऱ्या दिवशी आसपासच्या बंगल्यांवरची माणसं निघाली तेव्हा त्यानं बागेतले सगळे नळ सोडले आणि तसेच चालू ठेवून फाटक ओढून घेतलं. टाकीत पाणी होतं तोवर ते वाहिलं असेल. “अजून स्वप्नात ते पाणी वाहतं,” तो म्हणाला. “घरात कुणी नाही, आणि गवत वाढतंय, वाढतंय, खिडक्यांपर्यंत.”

मितालीनं वही मिटली आणि ती हात धुवायला म्हणून विहिरीकडे गेली. हाजरा तिथेच बसून राहिली. इतकी वर्षं तिच्या मनात तो वाळूत उभा असायचा, तोंडाला फडकं बांधून. आता तिला तो हिरव्यात दिसला, हातात पाण्याची नळी घेतलेला, एकटा. तिनं मातीचा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्यानं तो काढला नाही.

डिसेंबरात मितालीनं टाइप केलेला तक्ता पाठवला. तिसरं औषध कारखान्यानं पुढच्या तपासणीला घेतलं होतं, आणि औषध घालायचा दिवस भुंगेरे निघाल्यापासून मोजावा, असं तक्त्याखाली लिहिलं होतं. ही नोंद हाजराभाभींची, असं मितालीनं पेनानं बाजूला घातलं होतं. हाजरानं तो कागद डाळीच्या डब्याखाली जपून ठेवला. मिताली पुढे नाशिकला बदलून गेली. ईदला तिचं पत्र यायचं.

मेलेल्या चारही चौकोनांत अब्दुल्लानं हिवाळ्यात नवी मुळं लावली. माती तळहातांनी दाबायचं काम हाजरा करी. फेब्रुवारीत एका दुपारी, ओळी संपवून दोघं विहिरीच्या कठड्याला टेकली होती. तळोज्याच्या कारखान्यांकडून येणाऱ्या वाऱ्यानं आज दिशा बदलली होती, हवा स्वच्छ होती. अब्दुल्लानं विचारलं, की तो नसताना पावसाळ्यात ओसरी गळायची ती कुठून. तिनं बोट दाखवलं. मग तो गेला त्या वर्षी काय झालं, त्याच्या पुढच्या वर्षी काय, असं ती एकेक साल सांगत गेली, आणि ऊन उतरलं तेव्हा ती अजून ब्याऐंशीपर्यंतच पोचली होती.