बुटका ईझल

मित्रांनो, चित्रकार ज्याच्यावर चित्र टेकवून रंगवतो, तो लाकडी ईझल मी. आता बराच जुना झालो आहे. एका नामवंत चित्रकाराच्या धाकट्या बहिणीने मला घडवले. ती सुतारकाम करायची. दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडाचे तिने माझे तीन उंच पाय केले आणि भावाला म्हणाली, "दादा, आता तरी चित्रं खुर्चीला टेकवू नकोस."

दादा उंचापुरा. उजेड आला की माझ्यासमोर उभा राही, तो जेवायची हाक येईपर्यंत. मध्येच मागे सरून डोळे बारीक करी, पुन्हा पुढे येई. त्याने रंगवलेली माणसे आता बोलतील की काय, असे लोक म्हणत. त्याचे नाव दूरवर गेले. माझ्याकडे कोण बघतो! पण त्याचा हात चालताना मी कधी डगमगलो नाही, यातच मला समाधान होते.

मग एका आजारात त्याचे पाय गेले. चित्र टेकवायची माझी फळी अगदी खाली आणली, तरी खुर्चीतून त्याचा हात चित्राच्या वरच्या कडेला पोहोचेना. त्याने रंगांची पेटी मिटली ती मिटलीच. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर टॉवेल वाळू लागले.

एके दिवशी बहीण करवत घेऊन आली.

"त्याला हात लावायचा नाही!" दादा ओरडला. "जन्मभर माझ्याबरोबर उभा राहिलाय तो."

"मग आता तुझ्याबरोबर बसू दे की!"

माझ्या पायांवर करवत चालली तेव्हा दादाने तोंड फिरवले. मलाही वाटले, संपलो. पण ती भुसा झाडत होती तोच त्याने ब्रश मागितला. त्यानंतर त्याने बसल्या जागेवरून दिसेल ते रंगवले: टेबलाखाली झोपलेले मांजर, दारातल्या चपला, बहिणीचे खरखरीत हात. तीच त्याची सर्वांत गाजलेली चित्रे.

दादा वारल्यावर संग्रहालयाचे साहेब आले. "पाय जोडून पूर्वीसारखा उंच करू, काचेत ठेवू."

"चित्रं खुशाल न्या," बहीण म्हणाली. "हा अजून कामाचा आहे."

तिने मला जवळच्या शाळेत नेले. मुलांच्या उंचीला मी अगदी बेताचा! आज पहिल्याच दिवशी एका मुलीने माझ्यावर कागद टेकवून पाच पायांचा घोडा काढायला घेतला.

"पाचवा पाय कशाला गं?" बहिणीने विचारले.

"आजी, तो पळतोय ना!"

मित्रांनो, माझ्यावर सांडलेला रंग ओला आहे तोवर पुसा, सैल झालेला स्क्रू आवळा. पण जपायचे म्हणून मला गुंडाळून ठेवू नका. निदान आज तरी नको. घोड्याची शेपटी अजून राहिली आहे.