धोट्याच्या डोळ्याला देवीचा कौल

काळाचौकीच्या त्या चाळीत रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर माणसे, गॅलरीत माणसे, नळाच्या कट्ट्यावर चढून बसलेली माणसे. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ हे भिंतीवर रंगवलेले वाक्य गर्दीच्या पाठींनी निम्मे झाकले होते. सगळ्यांच्या माना तळमजल्यावरच्या एका खोलीकडे वळलेल्या होत्या. तिथे कुशाबा भगताने गावाहून आणलेला देवीचा काळा पाषाण होता. पाषाणावर तगरीच्या दोन पांढऱ्या पाकळ्या चिकटवल्या होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. एका पेटंटच्या तंट्याचा निकाल त्या पाकळ्या देणार होत्या.

कुशाबाने गाऱ्हाणे सुरू केले. “बाय माझे आवशी, आज ह्या मुंबईच्या मुलखात तुझी लेकरां हात जोडून उभी हत.”

“व्हय म्हाराजा,” चाळ म्हणाली.

“धोट्याचो पितळी डोळो पयलो कोणाक सुचलो, ह्याचो उलगडो कर. गुणाजीचा खरा असला तर उजवी दी, खोटा असला तर डावी दी.”

“व्हय म्हाराजा.”

कौल लावायची ही रीत कोकणात घरोघर ठाऊक आहे. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सोयरीक असो की बांधाचा वाद, देवीने सांगितले की विषय मिटला. गिरणीत आलेला माणूस ही रीत ट्रंकेत घालूनच मुंबईला आला.

मग डावी पाकळी हलली, घसरली आणि ताम्हणात पडली. उजवी जागची हलली नाही.

गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला. गिरणीत साचा म्हणजे माग चालवणारा साचेवाला गुणाजी, ज्याचे म्हणणे आत्ता खोटे ठरले होते, तो मान खाली घालून उभा राहिला. त्याची बायको शेवंती पदराने डोळे पुसू लागली. पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेले मनमोहनशेठ, परळच्या मिल स्टोअर्सचे, म्हणजे गिरण्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या दुकानाचे मराठी मालक, उठून पाषाणाला हात जोडते झाले. पाषाणामागची नवी पितळी प्रभावळ त्यांच्याच दुकानातून आली होती.

तंटा असा होता. मागावर कापड विणताना आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी कांडी घालून तिचे सूत धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागते. साचेवाले ते तोंडाने ओढतात. आधीच्या पाळीत दुसऱ्याने ज्या छिद्राला तोंड लावले त्यालाच हा लावतो, आणि रोगही तसाच पसरतो. गुणाजीचा धाकटा भाऊ शिवडीच्या क्षयाच्या इस्पितळात पडला, तेव्हा गुणाजीने पितळेचा एक फटीचा डोळा घडवला. सूत बोटाने फटीत सरकवले की काम झाले, तोंड लावायला नको. तो आपल्या साच्यावर बसवून त्याने चालवूनही पाहिला. मग चार नग ओतून हवे होते म्हणून नमुना मनमोहनशेठकडे नेऊन दिला. शेठनी नमुना ठेवून घेतला आणि कलकत्त्याच्या पेटंट ऑफिसात स्वतःच्या नावाने अर्ज केला.

गुणाजी ज्यांच्याकडे खोकल्याचे औषध घ्यायचा त्या डॉक्टर सुमतीबाईंचा लालबागला दवाखाना होता. त्यांनी त्याला गिरगावात आपल्या भावाकडे, श्यामकांत वकिलांकडे नेले. वकिलांचे म्हणणे सरळ होते. शेठनी कल्पना गुणाजीकडून घेतली एवढे दाखवता आले तर त्या अर्जाला हरकत घेता येते. त्यासाठी शेठना नमुना मिळण्याआधी तो डोळा पाहिलेली दोन माणसे हवीत. हरकतीची मुदत संपत आली होती, सोमवारच्या टपालाने कागद निघायलाच हवे होते. साचेवाल्यांवरचा मुकादम तात्या जॉबर आणि शेजारच्या साच्यावरचा रामदास या दोघांनी डोळा पाहिला होता. दोघे रविवारी गिरगावात येऊन सही करणार होते. पण आधी देवीला विचारायचेच असा शेवंतीचा हट्ट होता, म्हणून त्याच सकाळी कौल लागला.

त्यांना न्यायला सुमतीबाई आल्या तेव्हा डावी पाकळी ताम्हणात पडलेली होती.

“चला तात्या,” त्या म्हणाल्या. “वकील वाट बघतायत.”

“आता कसला वकील, बाई?” तात्या म्हणाला. “कौल झाला.”

“तुम्ही तो डोळा साच्यावर पाहिलात की नाही?”

“पाहिल्यासारखा वाटला खरा.”

“मागच्या आठवड्यात माझ्यासमोर बोटाने सूत घालून दाखवलंत.”

“मागच्या आठवड्यात कौल नव्हता झाला.”

सुमतीबाईंनी रामदासकडे पाहिले. रामदास छताकडे पाहत होता.

“तात्या, फ्लोरा फाउंटनला लाठी खाऊन माझ्याकडे खांदा बांधायला आला होतात. लाठीला भ्यालात नाही, आणि पाकळीला भिता?”

“लाठी पोलिसाची होती,” तात्या म्हणाला. “पोलिसाशी भांडता येतं.”

कुशाबा मधे आला. त्याची जीभ आता छान सैल झाली होती. “डॉक्टरीणबाई, तुमची सुई तुमच्यापाशी, आमची देवी आमच्यापाशी. आणि मी म्हणतो, मराठी राज्य मागायला निघालो आपण. मराठी माणसानं मराठी शेठला कलकत्त्याच्या सायबापुढं खेचायचं? देवीक ता रुचात?”

“व्हय म्हाराजा,” मागून कोणीतरी सवयीने म्हणाले आणि थोडे हसू फुटले.

बाईंनी पाषाणाकडे नीट पाहिले. उजवी पाकळी अजून घट्ट बसलेली होती. कुशाबाने ती नखाने खरवडून काढली, तेव्हा त्यांनी विचारले, “बुवा, पाकळ्या कशाने लावता?”

“डावी तीर्थान, उजवी गंधान. उजवी बाजू मानाची.”

“मग मलाही एक कौल लावून द्या. फक्त गाऱ्हाणं पाकळ्या लागल्यावर गुणाजी घालेल. देवीला काय, तुम्ही विचारलं काय आणि त्याने काय.”

यावर कुशाबाला नाही म्हणता येईना. सगळी चाळ बघत होती. त्याने तीर्थाच्या आणि गंधाच्या वाटीत बोटे बुडवली आणि पाकळ्या लावल्या. बाई गुणाजीच्या कानात काही बोलल्या. गुणाजी पुढे आला, हात जोडले आणि चाचरत म्हणाला, “आई, मनमोहनशेठचं म्हणणं खरं असेल तर उजवी दे. खोटं असेल तर डावी दे.”

कुशाबाचा हात अर्धवट वर गेला आणि तिथेच राहिला. पाकळ्यांना आता हात लावायची सोय नव्हती.

वाट पाहिली. डावी पडली.

“म्हणजे शेठ खोटे?” नळाच्या कट्ट्यावरून आवाज आला.

“मग मघाशी गुणाजी खोटा होता तो?”

“दोघं पण खोटे.”

कुशाबाने क्षणात वाट काढली. “अरे, समजा जरा. दोघांकयव सुचलो नाय. डोळो देवीकच सुचलो. त्याचो मान देवीकच जावक होयो.”

“देवीच्या नावानं मी सांभाळीन,” मनमोहनशेठ नम्रपणे म्हणाले. आणि खरे सांगायचे तर दहापाच माना डोलल्यासुद्धा.

सुमतीबाईंनी बॅग उघडून टिंक्चर आयोडीनची बाटली काढली. “पाषाणाला हात लावत नाही,” त्या म्हणाल्या. ताम्हणातली डावी पाकळी उचलून त्यांनी तिच्यावर एक थेंब टाकला. पाकळी पिवळट तपकिरी झाली. कुशाबाला त्यांनी उजवी काढून द्यायला सांगितली. तो हलेना, म्हणून गुणाजीनेच ती सोलून दिली. तिच्या पाठीवर थेंब पडताच ती निळीकाळी झाली. मग बाईंनी गंधाच्या वाटीत थोडे आयोडीन ओतले. वाटीत शाईच झाली.

“आयोडीन पिठाला लागलं की असा रंग येतो,” त्या म्हणाल्या. “चंदनात पिठाची खळ कालवली आहे. साध्या पाण्याने लावलेली पाकळी पाणी वाळलं की पडते. खळीने लावलेली वाळली की आणखी चिकटते. म्हणून प्रश्न काहीही विचारा, डावीच आधी पडणार. बुवांना उजवी पाडायची असती तर त्यांनी खळ डावीला लावली असती.”

पुढच्या रांगेतल्या एकाने वाटी हुंगली. “आमच्याच खात्यातली, सुताला लावायची खळ,” तो म्हणाला, आणि वाटी हातोहात मागे गेली. मनमोहनशेठना एकदम दुकानातले काम आठवले. कुशाबा म्हणाला की खळ त्याने लावली असेल, पण लावायची बुद्धी देवीचीच. यावरही दोन माणसे विचारात पडली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही.

“बुवा, तू लबाड आहेस,” रामदास म्हणाला. “वाटी विसळ. आता साध्या पाण्यानं लाव. दोन्हीकडं साधं पाणी. म्हणजे खरा कौल कळेल.”

“बरोबर,” चाळ म्हणाली.

सुमतीबाई पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलल्या. “रामदास, साध्या पाण्याने लावलंत तर ज्या बाजूला वारा जास्त ती पाकळी आधी पडेल. समई ज्या बाजूला ती आधी पडेल. त्या पाण्याला तुमचा साचा माहीत नाही, धोटा माहीत नाही. डोळा तुम्ही पाहिलाय. पाण्याने नाही.”

“ते खरं, बाई. पण विचारायला काय जातंय?”

“मुदत जातेय. गुणाजीचा हक्क जातोय. आणि तुम्ही उद्या सकाळी पुन्हा त्याच छिद्राला तोंड लावणार.”

रामदासने ऐकले, मान डोलावली आणि पाषाणापुढे मांडी घालून बसला. कोणीतरी तांब्याभर पाणी आणले.

तात्याने मात्र टोपी घातली. “मी पाहिला होता,” तो गुणाजीला म्हणाला. “मघाशी वाटला म्हणालो, ते सोड. चल.”

“एकच साक्षीदार झाला,” बाई म्हणाल्या. “माझा वकील दादा दोन म्हणाला होता.”

“माझी चालेल काय?” शेवंतीने विचारले. “घरात ह्यांनी पितळ घासलं तेव्हा कंदील मीच धरलेला. शेठचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं तेव्हा.”

सुमतीबाई तिच्याकडे वळल्या. “तू स्वतः पाहिलंस? आणि कौल लावायचा हट्टही तुझाच?”

“बायका म्हणाल्या, देवीला न विचारता भांडाल तर भावोजींचं दुखणं वाढेल. आणि मला कोणी विचारलंच नाही, बाई. सगळे साच्यावरच्या पुरुषांना विचारत होते.”

त्या दोन पुरुषांची नावे वकिलांना सुमतीबाईंनीच सांगितली होती.

“घरच्या माणसाची साक्ष जरा हलकी धरतात,” त्या म्हणाल्या. “पण खोट्यापेक्षा जड. चप्पल घाल.”

चौघे गिरगावला गेले, सह्या झाल्या, सोमवारी कागद टपालात पडले. कलकत्त्याचा निकाल काय लागेल हे वकीलही सांगू शकत नव्हते. तिथे कागद वाचतील, उलटतपासणी होईल, शेठचाही वकील उभा राहील. वेळ लागेल, चूकही होऊ शकेल. पण निदान तिथे माणसाला विचारतात की तू काय पाहिलेस, आणि त्याचे उत्तर पडताळून बघतात.

एवढेच सांगायचे आहे. देवीवर श्रद्धा ठेवायची त्याने ठेवावी. पण जे आपल्या डोळ्यांनी दिसले ते खरे की खोटे, हे फुलाच्या पाकळीला विचारू नये. प्रश्न उलटा करून बघावा, वाटीत काय आहे ते बघावे. आणि साक्ष द्यायची वेळ आली की उठून जावे.

चाळीत त्या दिवशी साध्या पाण्याने लावलेली उजवी पाकळी आधी पडली म्हणतात. रामदास लगेच गिरगावला निघाला. तो पोचला तेव्हा वकिलांच्या ऑफिसला कुलूप होते.