सरकारी कागदावर नसलेलं सोनं

मी झारेकऱ्याची काठवट बोलतेय. भाकरीच्या पिठाचा मान माझ्या धाकट्या बहिणीला. माझ्या नशिबी गटाराचा गाळ. मांजरी गावच्या एका आंब्याच्या खोडातून दत्तोबा सुताराने मला कोरलं आणि मी पुण्याच्या सराफ गल्लीत मदिनाबीच्या हाती आले. सोनारांच्या दुकानांतून उडालेला सोन्याचा कीस गाळात उतरतो. तो गाळ ती माझ्यात धुवायची; झारेकऱ्याचं काम ते हेच. कधी गुंजभर मिळे, कधी नुसता चिखल. एकदा काठोकाठ सोनं निघालं होतं. तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसत नाही.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. सरकारी कचेरीतल्या दिगंबररावांना जुन्या कपाटात इंग्रजी अमलातला एक नियम सापडला. मातीतून सोनं काढणाऱ्याने काठवटीमागे महिना पाच रुपये भरून परवाना घ्यावा, सोनं मिळो न मिळो. नाहीतर काठवट जप्त. गोरा साहेब बोटीने गेला, जाताना नियम तेवढा विसरला.

पाच रुपयांत मदिनाबीच्या घरचं आठवड्याचं धान्य येई. आणि मी गेले तर चूलच थंड. तिने बावीस झारेकरी गोळा केले. मोर्चा निघाला, पण घोषणा नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यावर गाळाची पाटी. सगळा गाळ कचेरीच्या ओसरीवर ओतला. त्या वासाने म्हणे खडकवासल्यापर्यंत माणसं शिंकली.

"सोनं सरकारचं, तर मातीही सरकारचीच," मदिनाबी म्हणाली. "आपणच धुऊन घ्या, साहेब. काठवट ठेवून जाते."

"ठेवा. आम्हाला काय हात नाहीत?"

तीन दिवस दिगंबरराव बाह्या सारून मला झुलवत होते. पण पडले कारकून. चकाकणारा पितळेचा चुरा त्यांनी पुडीत जपला आणि तळाची जड काळी रेती, जिच्यात खरं सोनं दडतं, ती ओसरीखाली भिरकावली. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण साहेबाला शिकवणारी मी कोण? सराफ पुडी पाहून हसला, तेव्हा त्यांनी रागाने शेरा मारला: 'सदर गल्लीच्या मातीत सोने नाही. परवाना लागू नाही.'

मदिनाबी मला न्यायला आली. ओसरीखालची रेती पाहून म्हणाली, "घाण आम्हीच केली, साहेब. झाडून नेते."

"न्या. उशिरा का होईना, सुचलं."

त्या रेतीतून तिच्या लेकीच्या, जुबेदाच्या कानातले झुबे झाले.

आता गटारं झाकली, दुकानांत गालिचे आले. मी जुबेदाच्या माळ्यावर आहे, तळाला चीर घेऊन. सरकारी कागदाप्रमाणे आमच्या गल्लीत अजूनही सोनं नाही. तरी कधी तिकडून गेलात, तर निघताना चपला तेवढ्या झटका. आमचं थोडं उगाच तुमच्या घरी जातं.