चेतनाच्या मापाचा ब्लाऊज

मी एक जुना ब्लाऊज आहे. मोरपंखी रंगाचा, कोपरापर्यंत बाह्यांचा. हल्ली मला कोणी घालत नाही, कारण मी मापाचा आहे. मैत्रिणींनो, तुमच्याही कपाटात माझा एखादा भाऊ असेल. नवी साडी आली की ब्लाऊज शिवायला देताना त्याला पिशवीतून नेतात आणि सांगतात, "अगदी याच्यासारखा शिवा." गेली चौदा वर्षं मी चेतनाचं माप आहे.

माझा जन्म मुलुंडला, द्रौपदीमावशींच्या मशीनवर झाला. चेतना तेव्हा चोवीस वर्षांची होती. त्याआधी छातीच्या भाराने तिच्या खांद्यांवर पट्ट्यांचे खड्डे पडले होते. मान दुखायची. कॉलेजात ती कायम फाईल छातीशी धरून चालायची. शेवटी तिने ऑपरेशन करून घेतलं. स्तन लहान केले, वर उचलून घेतले. व्रण भरले आणि ती पहिला ब्लाऊज शिवायला आली. तो पहिला ब्लाऊज मी.

"अगं, सरळ उभी राहा की," मावशी टेप लावत म्हणाल्या.

"उभीच आहे मावशी. सवय नाही ना मला."

मला शिवताना मावशी गुणगुणत होत्या:

चोळी बेतिते लेकीची, लेक उभी माझ्या दारी
चंद्र वाढे, चंद्र सरे, तरी चंद्रच अंबरी

मला घालून चेतना पहिल्यांदा हात मोकळे सोडून रस्त्याने चालली. माझ्यावरून पुढे कितीतरी ब्लाऊज बेतले गेले. लग्नाचा, बारशाचा, ऑफिसातल्या समारंभांचा. "झकास बसलाय गं," असं कोणी त्यांना म्हटलं की कपाटात मी फुगून जायचो.

मागच्या वर्षी चेतनाला आतड्याचा टीबी झाला. सोळा किलो वजन गेलं. औषधांनी ती बरी झाली, गाल भरले, पण छाती पुन्हा भरली नाही. एका दुपारी तिने मला बाहेर काढून घातलं. समोरची हुकं लागली आणि माझं पुढचं कापड आत गेलं. तिने मोज्यांत तांदूळ भरून आत ठेवले, पुन्हा आरशात पाहिलं, आणि पलंगावर बसून राहिली. त्या दिवसापासून ती बाथरूमचा दिवा न लावता अंघोळ करू लागली.

"तू बरी झालीस, मला तेवढं पुरे आहे," नवरा धम्मपाल म्हणाला.

"तुला पुरे रे. आरशात कोण बघतं, तू की मी?" ती म्हणाली. "तेव्हा जास्त होतं म्हणून कापून टाकलं. आता नाही म्हणून भरायचं. मी बरोबर कधी होते, सांग ना."

मग तिनेच माझ्याकडे बोट केलं. "हा शिवला तेव्हा."

मला तेव्हा अभिमान वाटला. आज त्याची लाज वाटते.

घाटकोपरच्या प्लास्टिक सर्जन डॉक्टर इरावतींनी तिला नीट तपासलं. "छातीत सिलिकॉनचे इम्प्लांट घालता येतील," त्या म्हणाल्या. "पण एकदा कापलेल्या जागी पुन्हा कापायचं, तर रक्तपुरवठा जपावा लागतो. आधीच्या ऑपरेशनचे कागद शोधा. वजनही अजून स्थिर नाही. शिवाय इम्प्लांट जन्माचे नसतात, पुढे कधीतरी पुन्हा ऑपरेशन लागू शकतं."

चेतनाने पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, मला फक्त एवढं करून द्या. अगदी याच्यासारखं."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी किती कापडांच्या बाबतीत ऐकलं होतं. अंगाच्या बाबतीत पहिल्यांदा ऐकलं. माझ्यावरून आता तिला कापणार होते.

डॉक्टरांनी तिला अंदाजासाठी सिलिकॉनचे नमुने आत ठेवायला दिले. वरून तिने मला घातलं. मी नीट बसलो, कुठे एक सुरकुती नाही. मी तिच्या हसण्याची वाट पाहत होतो. पण तिचे खांदे हळूहळू पुढे झुकले. तिने टेबलावरची फाईल उचलली आणि छातीशी धरली.

"फाईल ठेवा ना खाली," डॉक्टर म्हणाल्या.

"हो," ती म्हणाली, पण ठेवली नाही. "ब्लाऊज तर बसला. आता बरं वाटायला हवं होतं ना?"

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. "मी नाही म्हणत नाहीये. सहा महिने जाऊ देत. तेव्हाही हवं असेल तर करू."

तिथून चेतना थेट मावशींकडे गेली. मावशींनी सवयीने मला पिशवीतून काढलं.

"मापाला हा नको, मावशी."

"मग कुठला आणलास?"

चेतना हात अंगापासून थोडे दूर धरून, डोळे मिटून नुसती उभी राहिली. मावशींनी गळ्यातला टेप काढला. एरवी त्या आकडे मोठ्याने म्हणतात. त्या दिवशी मुकाट लिहिले.

"अगं, सरळ उभी राहा की."

"उभी आहे," ती म्हणाली. टेपवर दोन थेंब पडले. मावशींनी ते पदराने टिपले आणि पुढचं माप घेतलं.

आता मी कपाटात सगळ्यात खाली आहे. डॉक्टरांनी ऑपरेशनची माहिती लिहून दिलेला कागद माझ्याच घडीत ठेवलाय. सहा महिन्यांनी ती तो उघडेल तेव्हा काय ठरवेल, मला माहीत नाही. अजूनही ती दिवा न लावताच अंघोळ करते. जे ठरवेल ते तिचं असो, माझ्यासाठी नसो, एवढंच मागतो.

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटातल्या जुन्या मापाला आरसा समजू नका. तो एका दिवसाचा हिशेब होता, तो दिवस गेला. बसत नसेल तर त्याला उसवा, आत घ्या, त्याची पिशवी शिवा. मी कापड आहे. कात्री मला लावा, मला दुखत नाही.